विळ्याला धार

रविवार, रात्रीचा दीड

झोप येत नाहीये. साबणाने दोनदा धुऊनही हाताला लोखंडाचा वास येतोय.

आज आमच्या ग्रुपचा पहिलावहिला प्रयोग झाला. शनिवार पेठेत, सुदर्शन रंगमंचावर. नाटक मॉरिस मेटरलिंकचं, मराठीत 'आगंतुक'. मेटरलिंक बेल्जियमचा, फ्रेंचमध्ये लिहायचा. १९११ साली त्याला नोबेल मिळालं, आणि हे नाटक पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं १८९१ साली. तरी गेले तीन महिने जो भेटेल तो विचारायचा, "कोण मेटरलिंक?"

गोष्ट एवढीच. शेजारच्या खोलीत बाळंतीण आजारी आहे, बाहेर घरातली माणसं टेबलाभोवती बसलीत, आणि कुणीतरी घरात शिरलंय हे फक्त आंधळ्या आजोबांना जाणवतंय. मूळ नावात येणारी 'ती' आहे, फ्रेंचमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी म्हणून. आपल्याकडे मृत्यू 'तो', मरण 'ते'. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकलेली आमची ताई इथे महिनाभर अडली होती. शेवटी तो, ती, ते काहीच कळू नये असं नाव तिने निवडलं. मला ते फार आवडतं.

माझं काम एकच: विंगेत बसून विळ्याला धार लावायची. नाटकात माळी रात्री गवत कापायच्या लांब दांड्याच्या कोयत्याला धार करतो. युरोपात मृत्यूच्या हातात हेच हत्यार रंगवतात, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. आपला यम येतो पाश घेऊन. मग इथे या आवाजाला कोण भिणार? तालमीत यावरून कडाक्याचं भांडण झालं, आवाज काढूनच टाकायचं ठरत होतं. मी बोहरी आळीतून विळा घेऊन आले आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले. खर्र. मग थोडं थांबून, खर्र. पुढे कुणी काही बोललं नाही.

आज नेमका त्याच जागी दिव्यांचा डिमर लवकर खाली आला. विंगेत मिट्ट काळोख, दगड हातातून निसटला, अंगठ्याला चाटून गेला विळा. चाचपडून दगड उचलला आणि सुरू केलं. टेबलावरच्या दिव्याच्या उजेडात दुसऱ्या रांगेतल्या एक आजी दिसत होत्या. आवाज ऐकताच त्यांनी मान वळवली. रंगमंचाकडे पाठ करून त्या हॉलच्या दाराकडे बघत राहिल्या.

शेवटी सगळे आतल्या खोलीत जातात, आजोबा एकटे उरतात. काळोख झाल्यावर मी आजोबांचं काम करणाऱ्या काकांना हात द्यायला गेले, तर ते टेबलाची कड घट्ट धरून उभे. बोटं गार पडलेली. मला हळूच म्हणाले, "लोक आहेत ना गं अजून?"

"आहेत काका. सगळे आहेत."

विळा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवलाय. पुढच्या प्रयोगाआधी दगड पाण्यात भिजवायला हवा. कोरडा असला की आवाज चिरका येतो.