पंटमागे धावणारी माणसं

कॅनडियन फुटबॉलमध्ये तुम्हाला कोण आवडतं, असं विचारलं तर मी आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकचं नाव घेणार नाही. मला आवडतात पंटमागे, म्हणजे लाथेने लांब उडवलेल्या चेंडूमागे, जीव तोडून धावणारे, स्पेशल टीम्सचे (फक्त लाथेच्या खेळांसाठी उतरणाऱ्या तुकड्यांचे) खेळाडू.

मी सोलापुरात मुलींना खो-खो शिकवते. या खेळाची ओळख भाच्यामुळे झाली. तो कॅनडात विनिपेगला शिकायला गेला आणि तिथल्या ब्लू बॉम्बर्स संघाचं स्टेडियम नेमकं त्याच्या मॅनिटोबा विद्यापीठाच्या आवारातच. तिकडे संध्याकाळी साडेसातला सामना सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळचे सहा वाजलेले असतात. मुलींचा सराव संध्याकाळी, त्यामुळे सकाळचा वेळ माझा. भाचा तिकडे स्टँडमध्ये, मी इकडे जुळे सोलापुरात चहा घेऊन मोबाइलसमोर. मध्येच त्याचा मेसेज येतो, "मावशी, पंट आहे बघ. चेंडू बघू नकोस, कडेचा माणूस बघ की."

आधी खेळाचं थोडं सांगते. एका बाजूला १२ खेळाडू, मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. दहा यार्ड पुढे सरकायला फक्त तीन संधी मिळतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार. दोन संधींत जमलं नाही, की तिसऱ्याला बहुतेक संघ चेंडू लाथेने लांब उडवून समोरच्याच्या हवाली करतात. हाच पंट. त्यामुळे कॅनडात पंट सारखे होतात, आणि दर पंटला दोन्हीकडून वेगळी माणसं मैदानात उतरतात. किकऑफला (खेळ सुरू करणारी किक) आणि फील्ड गोललाही (गोलखांबांमधून किक मारून गुण घेणं) तसंच. एकेक खेळ काही सेकंदांचा, मग परत बाकावर.

पंट मारणाऱ्या संघाचा कडेचा माणूस मी आता बारकाईने बघते. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला, की तो सुटतो. समोरचा त्याला ढकलतो, खांद्याने अडवतो, तरी त्याने आपली पट्टी, म्हणजे धावायचा ठरलेला मार्ग, सोडायची नाही. पट्टी सोडली की तिथे भगदाड पडतं आणि रिटर्नर (पंट घेऊन उलटा धावणारा) नेमका तिथूनच निसटतो. चेंडू वर असताना मान वर करून चालत नाही. समोर उभ्या रिटर्नरच्या अंगावरून अंदाज घ्यायचा. आणि खरी कसोटी शेवटी. रिटर्नर चेंडूला हात लावेपर्यंत त्याच्यापासून पाच यार्ड लांब राहावं लागतं, नाहीतर दंड. म्हणजे पन्नासेक यार्ड वाऱ्यासारखं धावायचं आणि ऐन वेळी पावलं आखूड करून, गुडघे वाकवून थांबायचं. चेंडू हातात पडला रे पडला, की झेप. अमेरिकेत रिटर्नर हात वर करून 'मला हात लावू नका' असं सांगू शकतो. कॅनडात ती सोय नाही, चेंडू खेळावाच लागतो. चेंडू गोलरेषेमागच्या २० यार्डांच्या एंड झोनमध्ये गेला आणि कव्हर करणाऱ्यांनी, म्हणजे पंटमागे धावणाऱ्यांनी, रिटर्नरला तिथेच दाबलं, तर एक गुणही मिळतो. एका गुणाने सामने जातात.

माईक मिलर हा माझ्या लेखी या कामाचा उस्ताद. न्यू ब्रन्सविकमधल्या रिव्हरव्ह्यूचा, अकेडिया विद्यापीठातून खेळलेला. ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) त्याला कुणीच घेतलं नाही. २०११ मध्ये एडमंटनने करार केला, २०१७ पासून तो विनिपेगकडे. कागदावर फुलबॅक, म्हणजे आक्रमणातला गडी, पण पोट भरलं ते कव्हर करून. २०२१ मध्ये त्याने आधीच्या विक्रमवीर जेसन अराकगीला मागे टाकलं आणि लीगच्या इतिहासात स्पेशल टीम्समधले सर्वाधिक टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) त्याच्या नावावर लागले. ग्रे कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, तीन वेळा: २०१५, २०१९, २०२१. गुण मिळवून देणारा म्हणून त्याला कुणी ओळखत नाही, तरी इतकी वर्षं त्याला संघात ठेवलं, कारण त्याची पट्टी बंद असायची.

हे टिकणं सोपं नाही. प्रत्येक संघात ठरावीक संख्येने कॅनडियन खेळाडू लागतात, आणि नव्या कॅनडियन मुलाचा पहिला शिरकाव बहुधा स्पेशल टीम्समधूनच होतो. म्हणजे दरवर्षी नवे, ताज्या पायांचे वीस-बावीस वर्षांचे गडी तुमच्या जागेवर डोळा ठेवून येणार. गुडघा एकदा गेला की संपलं. जून ते नोव्हेंबर अंग मोडून घ्यायचं, आणि पुढच्या उन्हाळ्यात करार हातात राहीलच याची खात्री नाही.

समोरच्या बाजूचे, म्हणजे रिटर्नर, ते तरी लोकांना ठाऊक असतात. एडमंटनचा हेन्री 'गिझमो' विल्यम्स, उंची जेमतेम साडेपाच फूट, पंट परत आणून त्याने कारकिर्दीत २६ टचडाउन (चेंडू समोरच्या एंड झोनमध्ये नेणं) केले. १९८७ च्या ग्रे कपमध्ये टोरोंटोची फील्ड गोलची किक हुकली, चेंडू एंड झोनमध्ये त्याला सापडला आणि तो तिथून ११५ यार्ड धावत सुटला. एडमंटन ३८-३६ ने जिंकलं. ती धाव मी कितीदा बघितली असेल! आणि दरवेळी नजर जाते ती मागे राहिलेल्या टोरोंटोच्या माणसांवर. किक हुकल्यावर त्यांनी आपापल्या पट्ट्या कुठे सोडल्या, ते शोधते.

२००९ चा ग्रे कपचा अंतिम सामना तर मी मुलींना मैदानावर बसवून सांगितला. सस्कॅचेवान २७-२५ ने पुढे. शेवटच्या क्षणी माँट्रियलच्या डेमन डुव्हालने ४३ यार्डांवरून किक मारली, हुकली. सस्कॅचेवानचे लोक नाचायला लागले. तेवढ्यात दंडाचं निशाण पडलेलं दिसलं: मैदानात त्यांचे बाराऐवजी तेरा खेळाडू! किक परत, आता ३३ यार्डांवरून. गेली. २८-२७, कप माँट्रियलचा. मुली सुन्न झाल्या. एकीने विचारलं, "मॅडम, तेरावा कोण होता?" मी म्हटलं, नाव कशाला हवंय, आपण कधी आत जायचं आणि कधी बाहेर यायचं एवढं ज्याने त्याने मोजायचं.

आमच्या खो-खोत पाटीवर बसलेली मुलगी अशीच असते. बराच वेळ चौकोनात, पण टाचा उचललेल्या, आणि पाठीवर खो पडला की चार पावलांत काम करायचं. आऊट करणारीचं नाव वहीत लागतं. तिच्या आधी जिने धावकाला खांबाच्या कोपऱ्यात कोंडलं, तिचं लागत नाही.

कॅनडात १९९९ पासून उत्कृष्ट स्पेशल टीम्स खेळाडूला जॉन ॲग्रो पुरस्कार देतात. तो बहुतेक वेळा किकरला नाहीतर रिटर्नरला जातो, हे मला पटत नाही. कव्हर करणाऱ्यालाही तो मिळायला हवा. आमच्या स्पर्धांतही उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू एवढीच बक्षिसं असतात. मी स्पर्धेच्या बैठकीत चौथ्या बक्षिसाचा विषय काढला आहे, रोख रक्कम मी देते म्हटलं. आणि आमच्या सरावाच्या वहीत एक जादा रकाना आखलाय: कोंडणारी कोण.