दुखत नाही ना?

मला कोड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘पण दुखत वगैरे नाही ना?’ मी ‘नाही’ म्हणते आणि समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

त्वचेचे डॉक्टर कधीकधी एक प्रश्नावली भरून घेतात. त्वचेच्या आजाराने रोजचं जगणं किती अडतं ते मोजणारी. डीएलक्यूआय म्हणतात तिला, १९९४ पासून वापरात आहे. मागच्या आठवड्याबद्दल १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. (कमी गुण मिळावेत म्हणून धडपडायची ही माझी पहिलीच परीक्षा.) पहिला प्रश्न खाज, आग, दुखण्याचा. तिथे माझं शून्य. दुसरा, त्वचेमुळे किती संकोच वाटला? तिथे पेन अडलं. त्याच आठवड्यात एकाने सुटे पैसे परत देताना नाणी माझ्या तळहातावर वीतभर उंचीवरून सोडली होती. कोड स्पर्शाने पसरत नाही; शरीराची प्रतिकारशक्तीच रंग बनवणाऱ्या पेशींवर उलटते. हे मला तोंडपाठ आहे, पण मागे रांग उभी असताना कुणाला ऐकवणार? ३ वर खूण केली.

मग घड्याळाचा पट्टा घासून मनगटावर नवा डाग आला. घर्षणाने असं होऊ शकतं, हे तेव्हा कळलं. घड्याळ सोडलं. चपला कशा सोडणार?

अतिनील किरणांचे उपचार कित्येक महिने घेतले. रंग बहुतेक केसांच्या मुळांतून परततो. गालावरच्या डागात एका सकाळी मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले. आरशाला नाक लावून मोजले, सतरा. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, त्यामुळे हात होते तसेच राहिले.

गाल आता जवळपास भरलाय. फोटो काढताना मात्र मान आपोआप वळते, दुसरा गाल पुढे येतो.

परवा तीच प्रश्नावली पुन्हा हातात आली. चौथा प्रश्न कपड्यांचा, काय घालायचं यावर त्वचेचा कितपत परिणाम झाला? रंग गेलेली कातडी उन्हात लवकर भाजते, म्हणून मी पूर्ण बाह्या घालते, असं मी सगळ्यांना सांगते. मागचा आठवडाभर आभाळ भरलेलं होतं. ‘बरंच’वर खूण केली.