रॉर्क्वल: पाठीवर पन्नास पाणसुरुंग

ब्रिटिश नौदलाने १९३०च्या दशकात खास सुरुंग पेरण्यासाठी सहा पाणबुड्या बांधल्या. पॉरपॉइज, ग्रॅम्पस, नार्व्हाल, कॅशलॉट आणि सील या पाच युद्धात गमावल्या. त्यातली सील तर १९४० साली डेन्मार्क-स्वीडनमधल्या कॅटेगॅट समुद्रात स्वतःच सुरुंगात सापडली आणि जर्मनांच्या हाती लागली. उरली ती रॉर्क्वल.

पन्नास सुरुंग ठेवायला मुख्य कवचात जागाच नव्हती. म्हणून त्याच्या वर, पाणी खेळतं राहील अशा बाहेरच्या आवरणात, लांबलचक रूळ टाकले. साखळी सुरुंगांना मागे ओढत नेई आणि शेपटाकडच्या दारातून ते एकेक करून सोडले जात. मधली वाट मोकळी राहावी म्हणून पेरिस्कोप एका बाजूला सरकवावे लागले.

या सोयीत एक मोठी गोम होती. पाणबुडी बुडालेली असताना आतल्या माणसांचा हात सुरुंगांपर्यंत पोहोचत नाही. साखळी अडकली तर शत्रूच्या किनाऱ्याजवळच वर या, माणसं आवरणात उतरवा आणि तेवढ्यात विमान दिसू नये अशी आशा करा.

तोल सांभाळणं हे वेगळंच काम. बुडाच्या वजनासकट सुरुंग पाण्यापेक्षा जड असतो, म्हणून प्रत्येक सुरुंग सुटला की पाणबुडी हलकी होते. शिवाय उरलेली रांग मागे सरकत असल्याने पुढचा-मागचा भारही बदलत जातो. टाक्यांत पाणी घ्यायला जरा उशीर झाला, तर एवढं धूड उथळ पाण्यात वर उसळायचं.

आणि जावं लागे ते उथळ पाण्यातच. सुरुंगाला बुडाच्या वजनाशी जखडणारी तार तळापर्यंत पोहोचायला हवी, आणि रॉर्क्वल जिथे लढली तो भूमध्य समुद्र किनारा सोडला की झपाट्याने खोल होतो. म्हणून भूशिरं गाठायची, जिथून जहाजं किनारा धरून जातात. प्रवाह जोराचा असेल तर तार तिरपी होते, सुरुंग ठरल्यापेक्षा खोल जातो आणि जहाज वरून सुखरूप निघून जातं. नकाशावरची नोंद चुकली तर पुढे तो आपल्याच जहाजांना नडतो.

मार्च १९४१ची फेरी मला सगळ्यांत बोलकी वाटते. सिसिलीतल्या पालेर्मोजवळ पेरलेल्या सुरुंगांवर २८ तारखेला इटलीची किनोत्तो ही टॉर्पेडो बोट बुडाली. पाठ मोकळी झाल्यावर रॉर्क्वलने टॉर्पेडो काढले: ३० तारखेला लाउरा कोर्रादो हे तेलवाहू जहाज, ३१ला स्ट्रॉम्बोली बेटाजवळ पिएर काप्पोनी ही पाणबुडी. ऑक्टोबरमध्ये अथेन्सजवळच्या आखातात आल्तायर ही इटलीची टॉर्पेडो बोट तिच्या सुरुंगावर गेली आणि आल्देबारान ही दुसरी टॉर्पेडो बोटही त्याच पट्ट्यात संपली.

जून १९४१मध्ये हीच पाणबुडी अलेक्झांड्रियाहून वेढ्यातल्या माल्टाकडे निघाली, मालवाहू म्हणून: २४ माणसं, टपालाच्या १४७ पिशव्या, २ टन औषधं, ६२ टन विमानाचं पेट्रोल, ४५ टन रॉकेल. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे तोलाचं गणित पुन्हा नव्याने मांडायचं. वर पेट्रोलच्या वाफेची धास्ती आहेच. बंद पाणबुडीत एक ठिणगी पुरते.

तरी तिची सर्वांत मोलाची शिकार मी अंकारा मानतो. आफ्रिकेतल्या जर्मन सैन्याला रणगाडे पोचवणारं हे जहाज १८ जानेवारी १९४३ रोजी ट्युनिशियाच्या कानी खडकांजवळ रॉर्क्वलच्या सुरुंगावर आदळून बुडालं.

१९४६मध्ये रॉर्क्वल भंगारात निघाली. टॉर्पेडोच्या नळीतून सोडता येणारे सुरुंग तोवर आले होते, मग हे रूळ-साखळीचं लटांबर कोण वाहणार?