थांबला, पण कुठं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या शेडमध्ये गेल्या उन्हाळ्यात पार्सल पोचवणाऱ्या सहाचाकी रोबोटचा नमुना जुळवत होतो. चाचणी कुठं घ्यायची हा पहिला घोळ. राजारामपुरीच्या फुटपाथवर माणसालाच जागा मिळत नाही, तिथं हा कुठं फिरणार? शेवटी शेडमागच्या १५ सेंटिमीटर उंच ओट्यावर खडूनं १.८ मीटर रुंदीचा फुटपाथ आखला. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या निकषात किमान तेवढी रुंदी आहे. उतरायला प्लायवूडचा रॅम्प, एकास बारा उताराचा.

शेजारच्या फाउंड्रीत हिशेब बघणारे काका व्हीलचेअर वापरतात. त्यांना म्हटलं, जरा चढून दाखवा.

काका निम्म्या रॅम्पवर आले आणि वरून रोबोट आला. समोर माणूस दिसला की जागीच थांबायचं, वाट मोकळी होईपर्यंत हलायचं नाही, हा आमचा नियम. आम्हाला त्याचं भारी कौतुक. तो थांबला, नेमका रॅम्पच्या तोंडाशी. काका त्याची वाट बघतायत, तो काकांची. दोन्ही हातांनी चाकं धरलेली; एक हात सोडला तर खुर्ची मागं सुटणार. आमच्या शेडमधला पोरगा धावला, मागून खुर्ची धरली. लॅपटॉपवर तोवर हिरव्या अक्षरांत आलं होतं : सुरक्षित थांबा.

"थांबला न्हाई रं त्यो," काका म्हणाले, "आडवा आलाय."

२०१९ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या विद्यापीठाजवळ हेच झालं होतं. व्हीलचेअरवरची विद्यार्थिनी चौपदरी रस्ता ओलांडत होती आणि रोबोट फुटपाथवर चढायच्या उतारावरच उभा. सिग्नल बदलला तरी तिला रस्त्यातून वर येता येईना. विद्यापीठानं नंतर चाचण्या थांबवल्या. मी ते वाचलेलं होतं, पण त्या रोबोटच्या नकाशात काहीतरी चुकलं असेल म्हणून सोडून दिलेलं. काकांच्या मनगटावरच्या शिरा बघेपर्यंत मला ते कळलंच नव्हतं म्हणा.

मग नियम फिरवला. रॅम्पवर आणि त्याच्या तोंडाशी थांबायला बंदी. पलीकडचं टोक मोकळं दिसल्याशिवाय आत शिरायचं नाही, आणि अडकलाच तर मागं सरून वाट द्यायची. लिहायला दोन ओळी, पण दिवस खाल्ला मागच्या सेन्सरनं. उतरताना रोबोटचं नाक खाली झुकलं की मागचा सेन्सर आभाळाकडं बघायचा, मागचं काहीच दिसेना. त्याची ब्रॅकेट दोनदा कापून पुन्हा वेल्ड केली.

सहाच्या सुमाराला काका पुन्हा चढले. या खेपेला रोबोट दोन मीटर अलीकडंच, भिंतीला लागून उभा राहिला. काका शेजारून गेले, झाकणावर टपली मारली.

"उद्या आमच्या मेव्हण्याला आणतो. त्याला दिसत न्हाई, काठी घेऊन चालतोय. ह्यो आलेला त्याला कळायचा कसा?"

मी मोटर चालू करून कान दिला. पलीकडच्या लेथच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं.