बारा मिनिटं कमी पडली

मंगळवार, सकाळचे नऊ

झोप येत नाहीये. पडदे ओढले, फोन उपडा ठेवला, तरी डोळ्यांपुढून ड्रायव्हरच्या घड्याळातला तो लाल आकडा हलत नाही. म्हणून उठून लिहायला बसले.

काल संध्याकाळी साडेसातला शिफ्टवर बसले तेव्हा अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये सकाळचे नऊ वाजले होते. माझ्याकडं तिथल्या एकूण बावीस मालट्रक, म्हणजे गाड्या, आहेत. पुण्यात बसून त्यांना माल शोधायचा, अपॉइंटमेंट घ्यायची, कुठली गाडी कुठं आहे ते बघायचं. पण स्क्रीनवर मी सगळ्यात जास्त जे बघते ते म्हणजे ड्रायव्हरचं घड्याळ. डिसेंबर २०१७ पासून तिथं बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांत इंजिनाला जोडलेलं यंत्र सक्तीचं आहे. गाडी हलली की नोंद होते, त्यात हातानं खाडाखोड करून चालवलेले तास लपवता येत नाहीत.

नियम सांगायला सोपा आहे. दहा तास सलग विश्रांती झाली की ड्रायव्हरला चौदा तास मिळतात, आणि त्या चौदातले जास्तीत जास्त अकरा तास त्यानं स्टिअरिंगवर बसायचं. अकराचं घड्याळ चाकं फिरली तरच पळतं. चौदाचं मात्र एकदा सुरू झालं की पळतच राहतं. डिझेल भरा, जेवा, दुसऱ्याच्या गोदामाबाहेर रांगेत उभे राहा, ते थांबत नाही. हा नियम ड्रायव्हर दमून रस्त्यावर येऊ नये म्हणून केलाय आणि तो हवाच. माझं भांडण नियमाशी नाही.

पाजी (माझ्या एका गाडीचे ड्रायव्हर; मी त्यांना पाजीच म्हणते, ते मला बेटा म्हणतात) तिथल्या सकाळी सहा वाजता स्प्रिंगफील्डजवळून निघाले. मागं गोठवलेल्या चिकनचा माल. जॉलिएटच्या बाजूला एका किराणा गोदामात दहाची अपॉइंटमेंट होती. १६५ मैल चालवून सव्वानऊला ते गेटवर हजर. मीच त्यांना आदल्या रात्री सांगितलं होतं, "पाजी, बारापर्यंत गाडी खाली होईल, संध्याकाळी विस्कॉन्सिनमधून दुसरा माल उचला." ब्रोकरनं, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या दलालानं, मला सांगितलं, मी पाजींना. त्या गोदामाच्या माणसांना मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

गेटवर त्यांना सांगितलं, रांगेत लावा, माल उतरवायचं दार मिळालं की फोन करू. मी लगेच मेसेज केला, "पाजी, स्लीपरमध्ये जा, लॉगवर स्लीपर टाका, दोन तास हलू नका." स्लीपर म्हणजे केबिनमागची झोपायची जागा, लॉग म्हणजे त्या यंत्रातली नोंद. यामागं हिशोब होता. २०२० च्या सप्टेंबरपासून नियमात थोडी सवलत आलीय. ड्रायव्हरला सलग किमान दोन तास सुट्टी मिळाली आणि नंतर त्यानं स्लीपरमध्ये सलग आठ तास काढले, तर ते दोन तास चौदात धरले जात नाहीत. वाट बघण्यात जाणारा वेळ वाचवायचा हाच एक कायदेशीर रस्ता आमच्या हातात असतो. नऊ पन्नासला पाजी मागं जाऊन पडले. मी दुसऱ्या गाड्या बघत होते, पण दर पाच मिनिटांनी नजर तिकडंच.

अकरा अडतीसला गार्डनं केबिनच्या दारावर थाप मारली. ही लेन मोकळी करा, पलीकडच्या रांगेत लावा. गाडी साठ-सत्तर फूट हलली असेल. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती. बारा मिनिटं कमी पडली आणि सगळं वाया गेलं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना पुन्हा स्लीपर. दीड वाजता खिडकीवर बोलावलं, म्हणे कागदावरचा ऑर्डर नंबर जुळत नाही. तो मी ब्रोकरकडून चार मिनिटांत आणून दिला, पण पाजींना बूट घालून खाली उतरावं लागलंच. परत शून्यापासून. त्यानंतरही सलग दोन तास कधी मिळालेच नाहीत. शेवटी चार दहाला दार मिळालं. तेव्हा पुण्यात रात्रीचे दोन चाळीस झाले होते. विस्कॉन्सिनचा माल केव्हाच हातचा गेला होता, मीच फोन करून तो दुसऱ्या गाडीला दिला होता.

माल खाली करायला तिथं हमाल असतात, त्यांना लम्पर म्हणतात. त्यांचे पैसे आधी भरावे लागतात, मग काम सुरू होतं. पॅलेट फोडून पुन्हा रचायची होती. साडेचारला माझी शिफ्ट संपली, कॅब खाली येऊन उभी होती. मी नाही गेले. सकाळच्या मुलाला सांगितलं, ही गाडी मी बघते, तू बाकीच्या घे.

सात पंचविसाला गाडी खाली झाली. सात बेचाळीसला कागद हातात आले. चौदा तास संपायला अठरा मिनिटं उरली होती. आणि अकराच्या घड्याळात? आठ तास शिल्लक. माणसानं दिवसभरात तीन तास गाडी चालवली होती. अजून आठ तास चालवायची त्याला कायद्यानं मुभा होती, फक्त ती वापरायला दिवसच शिल्लक नव्हता.

पाजींनी तिथंच थांबू द्या म्हणून विचारलं. गार्ड म्हणाला, रात्री इथं गाडी लावता येत नाही, बाहेर काढा. तो गार्डही तासावर राबणारा माणूस, त्याला वरून जे सांगितलंय तेच तो बोलणार. ड्रायव्हरला तास मोडायला भाग पाडू नये असा नियम २०१६ पासून गोदामवाल्यांनाही लागू आहे. पण गेटवर उभं राहून, मागं हॉर्न वाजत असताना, तो कोण वाचून दाखवणार?

अशा वेळेसाठी अजून एक वाट ठेवलीय. गाडी भरून किंवा खाली करून झाली आणि तास संपले, तर जवळच्या पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत गाडी खासगी वापर म्हणून नेता येते. मी ते सांगितलं, लॉगवर शेरा काय लिहायचा तोही पाठवला. पाजी म्हणाले, "बेटा, पुलिस ने पूछा तो?" मी म्हटलं, मला फोन लावा, मी बोलते. सांगितलं खरं, पण पोटात गोळा आला होता. माझा फोन पुण्यात, त्यांचं लायसन्स इलिनॉयच्या हायवेवर.

पहिला ट्रक स्टॉप भरलेला. दुसराही. संध्याकाळी आठनंतर तिथं जागा मिळणं अवघडच असतं, हे मला आता पाठ झालंय. गाडी अशी जागा शोधत फिरते तेव्हा माझ्या डोक्यात दर वेळी एकच गोष्ट येते. २००९ च्या मार्चमध्ये दक्षिण कॅरोलिनात दूध घेऊन निघालेला एक ड्रायव्हर वेळेआधी पोचला. माल उतरवायच्या जागी थांबता येईना, म्हणून तो बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून झोपला आणि तिथंच लुटारूनं त्याला गोळ्या घातल्या. त्याच्या नावानं २०१२ साली ट्रक पार्किंगसाठी कायदा झाला, जेसन्स लॉ. कायदा होऊन इतकी वर्षं झाली आणि मी आज पहाटे नकाशा मोठा करकरून डांबराचे राखाडी तुकडे शोधत होते.

आठ पन्नासला मेसेज आला. "लग गई." एका टायरवाल्याच्या मागची खडीची जागा, वीस डॉलर देऊन. सोबत कागदाचा फोटो होता. तो मोठा करून बघितला आणि मला रडूच आलं. गोदामाच्या कारकुनानं 'आत आल्याची वेळ' लिहिली होती चार दहा. म्हणजे दार मिळाल्याची वेळ. सव्वानऊपासूनचे सात तास कागदावर नाहीतच. पहिले दोन तास फुकट थांबायचे आणि पुढं तासाला पैसे असा आमचा ब्रोकरशी करार असतो, पण तो कागदावर सही झालेल्या वेळा मागतो. आता मी यंत्रातल्या लोकेशनचे स्क्रीनशॉट जोडून भांडणार आहे. मिळाले तरी ते पैसे आधी कंपनीला मिळतात, मग कधीतरी पाजींना. त्यांची मजुरी मैलावर आहे. कालचे मैल १६५.

अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ साली अहवाल दिला होता. गोदामात गाडी थांबण्याचा सरासरी वेळ पंधरा मिनिटांनी वाढला तर अपघाताचं प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढेल असा त्यांचा अंदाज होता. अडकून पडलेला माणूस नंतर घाई करतो, हे समजायला अहवाल कशाला हवा? तरी बरं, कुणीतरी मोजलं. ड्रायव्हरचं मिनिट न् मिनिट यंत्र मोजतं. गोदामाच्या दारावर तसं यंत्र नाही, आणि ड्रायव्हरचा दिवस खातं ते दारच. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. घड्याळ दोन्हीकडं लावा. गाडी गेटवर आली की त्यांचंही सुरू होऊ दे.

घरी आले तेव्हा बाबा ओट्याशी उभे राहून चहा गाळत होते. त्यांनी बावीस वर्षं दहाचाकी चालवली, सांगलीहून वाशी मार्केटला. कांद्याच्या गाड्या खाली व्हायला दोन दोन दिवस लागायचे, गाडीखाली सावलीत पथारी टाकून पडायचं, आणि खाली झाली की त्याच पावली रात्रीतून परत निघायचं. आपल्याकडंही १९६१ साली मोटार कामगारांसाठी आठ तासांचा कायदा झाला होता. त्यांना तो मी सांगितला, या नोकरीला लागल्यावर. गप्प ऐकून घेतला होता त्यांनी.

आज एवढा उशीर का, असं त्यांनी विचारलं नाही. कप पुढं सरकवला आणि म्हणाले, "झाली का खाली गाडी?"

"झाली."

"आणि माणूस जेवला का?"

ते मी पाजींना विचारलंच नव्हतं. आत्ता तिकडं रात्रीचे साडेदहा वाजलेत. झोपले असतील, दहा तास मोडायला नकोत. संध्याकाळी बसल्या बसल्या पहिला मेसेज तोच करते.