आडनावाचा रकाना

परदेशात पैसे पाठवण्याच्या एका ॲपची युजेबिलिटी टेस्टिंग, म्हणजे लोकांना ते वापरायला देऊन ते कुठे अडतात हे पाहण्याची चाचणी, आम्ही इंडोनेशियातल्या जाकार्तामध्ये करत होतो. हेच ॲप आधी जर्मनीत तपासले होते आणि तिथल्या सहभागींनी जवळपास प्रत्येक स्क्रीनवर स्पष्ट हरकती घेतल्या होत्या. जाकार्तात मात्र सकाळपासून दुभाष्याकडून कौतुकच कानावर येत होते आणि शेजारच्या खोलीत सत्रे पाहणारी, ॲप बनवणारी प्रॉडक्ट टीम खुशीत होती.

दुपारी एक मध्यमवयीन बाई नोंदणीचा फॉर्म भरत होत्या. त्यांनी नाव लिहिले, आडनावाच्या रकान्यापाशी त्यांचे बोट क्षणभर अडखळले, तो रिकामा ठेवून त्यांनी पुढचे बटण दाबले आणि लाल अक्षरांत सूचना येताच, चकार शब्द न काढता, तेच नाव तिथे पुन्हा लिहिले. इंडोनेशियात, विशेषतः जावा बेटावर, एकच नाव असलेली माणसे पुष्कळ आहेत. सुकार्नो आणि सुहार्तो हे पहिले दोन राष्ट्राध्यक्षही त्यांतलेच. साहजिकच पुढच्या टप्प्यावर ओळखपत्राशी नाव जुळेना आणि नोंदणी अडली. तरीही सोपेपणासाठी त्यांनी सातपैकी सहा गुण दिले.

परक्या माणसाच्या कामात त्याच्या तोंडावर दोष काढणे अनेकांना प्रशस्त वाटत नाही, आणि सहभागींनी मनात येईल ते बोलत काम करण्याची आमची पद्धत नेमकी तिथेच लंगडी पडते. म्हणून सत्रे चालवणाऱ्या स्थानिक मॉडरेटरच्या सल्ल्याने उरलेल्या सहभागींना आम्ही सोबत एखादी ओळखीची व्यक्ती आणायला सांगितले. फरक लगेच दिसला. एक तरुणी मैत्रिणीला म्हणाली, “नाव दोनदा लिही, नाहीतर हे पुढे जाऊच देत नाही.” त्यावर दुसरी उसळून म्हणाली, “मग ओळखपत्रावरचं नाव कसं जुळणार?” आमच्या प्रश्नावलीतून हे कधीच बाहेर आले नसते.

बहुतेक अडचणी सापडायला पाच सहभागी पुरतात, हा युजेबिलिटी तज्ज्ञ जेकब नील्सन यांचा दाखला टीमने बैठकीत दिला. तो साधारण एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटापुरता आहे. गट वेगळे असतील तर प्रत्येक गटाची चाचणी स्वतंत्र घ्यावी, असे त्यांनीच लिहिले आहे, आणि हे मी तिथे आग्रहाने मांडले. दोन रकान्यांऐवजी ‘ओळखपत्रावर आहे तसे पूर्ण नाव’ असा एकच रकाना सर्व देशांसाठी ठरला. जर्मनी आणि जाकार्ता यांचे गुण एकाच तक्त्यात शेजारी मांडायला मात्र मी ठाम नकार दिला; अहवालात त्यांच्या जागी कोण कुठे अडले आणि काम पुरे झाले की नाही, याच्या नोंदी गेल्या.