आमची वाटचाल : फ्लीटमास्टरचा कार्ब्युरेटर

वडिलांनी कोल्हापुरात उद्यमनगरात दोन शटरचं गॅरेज टाकलं, तेव्हा आमच्याकडे जीप आणि ॲम्बॅसिडरच यायच्या. आज लांबून लोक जुन्या गाड्या घेऊन येतात. त्याची सुरुवात १९४८ च्या एका शेव्हरोले फ्लीटमास्टरपासून झाली.

गाडी गडहिंग्लजच्या एका कुटुंबाची, आजोबांनी घेतलेली. जनरल मोटर्स तेव्हा मुंबईत शिवडीला गाड्या जोडायची. एका ओळीत सहा सिलिंडर, साडेतीन लिटरचं इंजिन. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्टर कंपनीचा मूळ कार्ब्युरेटर पार झिजलेला, त्यातल्या थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या झडपेची, दांडी बुशात खडखडायची. वडील म्हणाले, "जीपचा बत्तीसचा सोलेक्स चढवू." म्हणजे सोलेक्स कंपनीचा, ३२ मिलिमीटर तोंडाचा कार्ब्युरेटर.

एवढ्या मोठ्या इंजिनाला एवढासा कार्ब्युरेटर, असं बरेच जण म्हणाले. पण या इंजिनात कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बॅबिट या मऊ धातूचे आणि त्यांना तेल मिळतं ते शिंपडून. त्याला रेस देऊन पळवायचंच नसतं. कमी रेसवर लहान व्हेंचुरीतून, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून, हवा जोरात जाते, पेट्रोल बारीक फुटतं, पिकअप गुळगुळीत येतो. वडिलांचा हा हिशेब मला आजही पटतो.

इंजिन आणि नवा कार्ब्युरेटर यांचे बोल्ट जुळेनात, म्हणून मध्ये घालायला शेजारच्या टर्नरकडून ॲल्युमिनियमची प्लेट करून घेतली. गाडी चालू झाली, पण रेस खाली उतरेना. स्क्रू फिरवून हात दुखले. शेवटी प्लेटच्या कडेनं क्लीनरचा फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज बदलला. प्लेटच्या फटीतून इंजिन जादा हवा खेचत होतं. चूक माझी होती. मी बोल्ट एकाच बाजूनं आवळत गेलो आणि प्लेट वाकली. नवी प्लेट जाड केली, दोन्ही बाजूंनी फेस मारून सपाट केली, बोल्ट आलटूनपालटून कसले.

मग प्लग काढून ओळीनं मांडले. तीन आणि चार तपकिरी, एक आणि सहा पांढरेफटक. मधल्या एकाच कार्ब्युरेटरमधून टोकाच्या सिलिंडरपर्यंत पेट्रोल कमी पोचतं. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं भोकाचं बटण, दोन पायऱ्या मोठा घातला. तार घालून जेटचं भोक मोठं करायचं नाही, हा आमच्या गॅरेजचा पहिला नियम. नंबरचा जेटच घालायचा.

उन्हात गाडी बंद केली की पेट्रोल उकळायचं, पुन्हा सुरूच व्हायची नाही. सायलेन्सरकडे धूर नेणारा तापलेला मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्या थेट खाली. उपाय म्हणून कार्ब्युरेटरखाली हायलमचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या कडक पत्र्याचा, जाड तुकडा घातला, दोन्ही बाजूंना पॅकिंग दिलं आणि तो त्रास संपला.

त्या गाडीनं आमची कामाची पद्धत ठरली. आधी प्लग, मग हवा, शेवटी जेट. हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुनी इंजिनं लीन चालतात, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, आणि रबरी पाइप लवकर खराब होतात. म्हणून प्रत्येक कामात पाइप नवीन घालतो आणि जेट पुन्हा तपासतो. गडहिंग्लजची गाडीही त्यासाठी पुन्हा आली होती. तिला आणखी एक पायरी मोठा जेट बसवून दिला आहे.